विश्लेषण : विश्वाच्या प्रसरणाचा वेग कृत्रिम बुद्धिमत्ता ठरवणार? गुरुत्वीय लहरींच्या संशोधनात पीएचडीचे विद्यार्थी नेमके काय करतात?

विश्व प्रसरण पावते आहे, हे समजून जवळपास शंभर वर्षे होत आली. मात्र ते नेमक्या किती वेगाने प्रसरण पावते, यावर अजून एकमत नाही. अत्यंत काटेकोर अशा दोन पद्धती दोन वेगळी उत्तरे देतात. या वादात तिसरा, स्वतंत्र साक्षीदार म्हणून आता गुरुत्वीय लहरींकडे पाहिले जाते. या लहरींच्या नोंदी वेगाने वाढत असून जुन्या गणनपद्धती त्यांना पुऱ्या पडेनाशा झाल्या आहेत. त्यामुळे जगभरातील अनेक पीएचडी प्रबंध सध्या एकाच प्रश्नाभोवती फिरत आहेत : हे विश्लेषण कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवले, तर तिच्या उत्तरावर कितपत विसंबायचे?

वाद नेमका कशाचा?

दीर्घिका आपल्यापासून जितकी दूर, तितक्या अधिक वेगाने ती आणखी दूर जाते. वेग आणि अंतर यांच्या या प्रमाणाला ‘हबल स्थिरांक’ म्हणतात. युरोपीय अवकाश संस्थेच्या ‘प्लँक’ उपग्रहाने विश्वाच्या बाल्यावस्थेतील प्रारणाचा अभ्यास केला. त्यावरून हा स्थिरांक ६७.४ येतो. म्हणजे एक मेगापार्सेक, अर्थात सुमारे ३२.६ लाख प्रकाशवर्षे, अंतरावरची दीर्घिका सेकंदाला ६७.४ किलोमीटर वेगाने दूर जाते. दुसऱ्या पद्धतीत सेफीड प्रकारचे तारे आणि सुपरनोव्हा यांच्या तेजस्वितेवरून टप्प्याटप्प्याने अंतरे मोजली जातात. नोबेल विजेते ॲडम रीस यांच्या गटाला या मार्गाने सुमारे ७३ हे उत्तर मिळाले.

पहिल्या मापनातील अनिश्चितता अर्धा एकक, तर दुसऱ्यातील सुमारे एक एकक आहे. दोन्ही उत्तरांतील तफावत मात्र साडेपाचांहून अधिक. निव्वळ योगायोगाने इतका फरक पडण्याची शक्यता नगण्य आहे. यालाच ‘हबल टेन्शन’ म्हटले जाते. दोन्ही मापने बरोबर असतील, तर विश्वाच्या उत्क्रांतीबद्दलच्या आजच्या सिद्धांतात काही तरी उणे आहे. वेंडी फ्रीडमन यांच्या गटाला वेगळ्या प्रकारचे तारे वापरून ७० च्या आसपास उत्तर मिळते. त्यामुळे दोष सिद्धांताचा की अंतर मोजण्याच्या पायऱ्यांचा, हा प्रश्न कायम आहे. या पायऱ्यांशी काहीही संबंध नसलेले मापन म्हणूनच हवे आहे.

गुरुत्वीय लहरींवरून अंतर कसे कळते?

दोन कृष्णविवरे किंवा दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांभोवती फिरत जवळ येतात आणि अखेर एकत्र होतात, तेव्हा अवकाशकाळात तरंग उमटतात. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतील लायगो वेधशाळांनी असे तरंग प्रथम टिपले. सूर्याच्या सुमारे ३६ आणि २९ पट वस्तुमानाच्या दोन कृष्णविवरांचे ते मीलन होते. पृथ्वीवर पोहोचेपर्यंत हे तरंग इतके क्षीण होतात, की लायगोच्या चार किलोमीटर लांबीच्या भुजेत होणारा बदल प्रोटॉनच्या व्यासाच्या काहीशेव्या भागाइतका असतो.

या लहरींचा कंप जसजसा वाढत जातो, त्यावरून त्या जोडीचे वस्तुमान काढता येते. वस्तुमान कळले की लहर मूळ ठिकाणी किती जोरकस होती, हे आइन्स्टाइनच्या समीकरणांतून मिळते. ती आपल्याकडे किती क्षीण होऊन पोहोचली, हे यंत्र सांगते. या दोहोंची तुलना केली की अंतर थेट हाती येते. ही कल्पना बर्नार्ड शुट्झ यांनी १९८६ मध्ये मांडली होती. अशा घटनांना आता ‘स्टँडर्ड सायरन’, म्हणजे प्रमाणित भोंगे, म्हणतात. भोंग्याचा मूळ आवाज ठाऊक असेल, तर तो किती क्षीण ऐकू येतो यावरून तो किती लांब आहे हे सांगता येते, तसेच हे आहे.

अंतर मिळाले तरी दूर जाण्याचा वेग लहरींतून सहजी मिळत नाही. त्यासाठी घटना कोणत्या दीर्घिकेत घडली हे शोधावे लागते. मग त्या दीर्घिकेचा प्रकाश तांबड्या रंगाकडे किती सरकला आहे, ते मोजावे लागते.

२०१७ ची घटना इतकी महत्त्वाची का?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या मीलनाच्या लहरी नोंदल्या गेल्या. त्यानंतर १.७ सेकंदांनी गॅमा किरणांचा स्फोट टिपला गेला. सुमारे ११ तासांनी चिलीतील लास कॅम्पानास येथील स्वोप दुर्बिणीला ‘एनजीसी ४९९३’ या दीर्घिकेत नवा प्रकाशबिंदू दिसला. ही दीर्घिका सुमारे १३ कोटी प्रकाशवर्षे दूर आहे. अंतर लहरींतून आणि वेग प्रकाशातून, अशी दोन्ही टोके प्रथमच जुळली. उत्तर आले ७०. मात्र अनिश्चिततेचा पट्टा ६२ ते ८२ असा रुंद होता. ६७ आणि ७३ ही दोन्ही उत्तरे त्यात आरामात बसत होती.

पट्टा इतका रुंद असण्याचे मुख्य कारण भूमितीचे आहे. ताऱ्यांच्या जोडीची कक्षा आपल्याला समोरून दिसत असेल तर लहर जोरकस येते, कडेने दिसत असेल तर क्षीण. त्यामुळे क्षीण लहर आली तर जोडी लांब आहे की तिरकी आहे, हे ओळखणे अवघड जाते.

याच घटनेत आणखी एक अडचण आली होती. लायगोच्या लिव्हिंग्स्टन केंद्रात मीलनाच्या सुमारे एक सेकंद आधी यंत्रातील गोंगाटाचा एक झटका नोंदला गेला. स्वयंचलित प्रणालीने लिव्हिंग्स्टनचा तो डेटा बाजूला ठेवला आणि पहिला इशारा एकट्या हॅनफर्ड केंद्राच्या नोंदीवरून निघाला. शास्त्रज्ञांनी नंतर तो झटका वेगळा काढला. तिन्ही वेधशाळांच्या नोंदींवर आधारित आकाशाचा नकाशा दुर्बिणींना मिळायला पाच तासांहून अधिक वेळ लागला. चिलीत रात्र व्हायची होती, त्यामुळे त्या दिवशी फार नुकसान झाले नाही. दरवेळी असेच होईल, याची खात्री नाही. प्रकाश मावळण्याआधी दीर्घिका सापडली नाही, तर ती घटना हबल स्थिरांकाच्या मापनासाठी बव्हंशी हातची जाते.

कृत्रिम बुद्धिमत्तेची गरज कुठे भासते?

लायगोच्या नोंदींमधून लहर ओळखण्याची प्रचलित पद्धत ‘मॅच्ड फिल्टरिंग’ ही आहे. लहर कशी दिसेल याचे नमुने आधी गणिताने तयार करायचे आणि ते डेटावर सरकवत जुळणी पाहायची. जत्रेच्या गोंगाटात ओळखीचा आवाज कान बरोबर टिपतो, तसाच हा प्रकार. या पद्धतीच्या पायाभरणीत पुण्याचा मोठा वाटा आहे. ‘आयुका’त संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हे नमुने कसे निवडावेत यावर केलेले काम आजही आधारभूत मानले जाते. पहिल्या लहरीच्या शोधावेळी असे सुमारे अडीच लाख नमुने वापरले गेले होते.

लहर सापडली की खरे जिकिरीचे काम सुरू होते. दोन कृष्णविवरांच्या एका घटनेचे वर्णन करायला साधारण १५ राशी लागतात. दोन वस्तुमाने, त्यांच्या स्वतःभोवतीच्या फिरकीचा वेग आणि दिशा, अंतर, कक्षेचा कल, आकाशातील स्थान वगैरे. या सगळ्यांची कोणकोणती मिश्रणे नोंदीशी जुळतात, हे पाहण्यासाठी संगणकाला लाखो वेळा लहर काढून ताडून पाहावी लागते. त्यात कित्येक तास, कधी दिवस किंवा आठवडे जातात. आजवरच्या नोंदींचा आकडा तीनशेच्या घरात पोहोचला आहे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीत एकाच वेळी १२८ नव्या घटनांची भर पडली. पुढच्या पिढीतील ‘आइन्स्टाइन टेलिस्कोप’ आणि ‘कॉस्मिक एक्सप्लोरर’ या प्रस्तावित वेधशाळांना वर्षाला लाखाच्या घरात घटना दिसतील, असा अंदाज आहे. तेव्हा ही पद्धत चालणार नाही, हे उघड आहे.

पीएचडी संशोधनातून आजवर काय साधले?

आयआयटी मुंबईतून पदवी घेतलेले डॅनियल जॉर्ज यांनी अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात पीएचडी करत असताना एलियू हुएर्टा यांच्यासह न्यूरल नेटवर्कने गुरुत्वीय लहरी ओळखण्याची पद्धत विकसित केली. ती २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्या सुमारास इतर गटांनीही असे प्रयोग केले. चित्रातला चेहरा ओळखण्यासाठी वापरले जाणारे तंत्र लहरींनाही लागू पडते, हे त्यातून दिसले.

पुढचे मोठे पाऊल जर्मनीतील ‘डिंगो’ या प्रणालीचे. ट्यूबिंगेन आणि पॉट्सडॅम येथील माक्स प्लँक संस्थांच्या या कामाचे पहिले लेखक माक्स डाक्स हे तेव्हा पीएचडीचे विद्यार्थी होते. यात न्यूरल नेटवर्कला आधी लाखो कृत्रिम लहरी दाखवल्या जातात. प्रत्येकीचे खरे उत्तर ठाऊक असते आणि तिच्यात यंत्रासारखा गोंगाट मिसळलेला असतो. नेटवर्क त्यातून शिकते आणि खरी नोंद समोर आली की सर्व १५ राशींच्या शक्यतांचा पूर्ण विस्तार देते. ‘अंतर इतके’ असा एकच आकडा देण्याऐवजी ‘अंतर या पट्ट्यात, आणि त्यातल्या अमुक भागात असण्याची शक्यता जास्त’ असे उत्तर मिळते. सारी मेहनत प्रशिक्षणात आधीच झालेली असल्याने पूर्वी दिवसभर चालणारे काम मिनिटभरात होते.

मार्च २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या पुढच्या आवृत्तीने न्यूट्रॉन ताऱ्यांच्या घटनेचे संपूर्ण विश्लेषण एका सेकंदावर आणले. झटपट उत्तरासाठी सध्या वापरल्या जाणाऱ्या ढोबळ पद्धतींपेक्षा आकाशातील स्थान सुमारे ३० टक्के अधिक अचूक मिळते, असे या संशोधकांनी दाखवले. मीलन होण्याच्या आधीच दुर्बिणींना दिशा सांगणेही त्यामुळे शक्य होणार आहे. २०१७ सारखी घटना पुन्हा घडली, तर पाच तासांच्या प्रतीक्षेची वेळ येऊ नये, हा यामागचा हेतू.

प्रकाशच नसेल तर?

नोंदल्या जाणाऱ्या बहुतांश घटना कृष्णविवरांच्या असतात आणि त्यांच्यातून प्रकाश बाहेर पडण्याची अपेक्षा नसते. त्यांना ‘डार्क सायरन’ म्हणतात. अशा वेळी लहर ज्या भागातून आली, तिथल्या सर्व ज्ञात दीर्घिका संभाव्य यजमान मानल्या जातात. एका घटनेतून फारसे काही कळत नाही. अनेक घटना एकत्र केल्या की चुकीचे पर्याय मागे पडतात आणि खरे मूल्य वर येते. अशा ४७ घटना आणि २०१७ ची घटना एकत्र करून लायगो, व्हर्गो व काग्रा या गटाला ६८ हे मूल्य मिळाले. पट्टा होता ६२ ते ७६. म्हणजे आधीपेक्षा अरुंद, पण वाद मिटवण्यास अपुरा.

घटना वाढतील तसा पट्टा आवळत जाईल, हे साधे गणित आहे. २०१७ सारख्या एका घटनेत अनिश्चितता सुमारे १४ टक्के होती. अशा ५० घटना मिळाल्या, तर ती ५० च्या वर्गमुळाने, म्हणजे साधारण सातपटीने, घटून दोन टक्क्यांवर येते. तिथे ६७ आणि ७३ वेगळे दिसू लागतात.

मग अडचण काय?

हे गणित ज्या गृहीतकावर उभे आहे, तिथेच अडचण आहे. सरासरी घेतल्याने यादृच्छिक चूक कमी होते, ठरावीक दिशेची चूक होत नाही. भाजीवाल्याचा हात थरथरत असेल, तर शंभर वेळा तोललेल्या वजनांची सरासरी बरोबर येईल. पण काटाच दोन टक्के जास्त दाखवत असेल, तर हजार वेळा तोलले तरी दोन टक्क्यांची चूक राहणार. उलट आपला आत्मविश्वास मात्र वाढत जाणार.

न्यूरल नेटवर्क अंतर सातत्याने दोन टक्के जास्त सांगत असेल, तर हबल स्थिरांक दोन टक्क्यांनी कमी येईल. ही चूक सुमारे १.४ एककांची झाली. संपूर्ण वाद साडेपाच एककांचा आहे, म्हणजे त्याचा चौथा हिस्सा केवळ साधनाच्या दोषातून निर्माण होईल किंवा झाकला जाईल. एका घटनेच्या उत्तरात ही चूक दिसणारही नाही, कारण तिथला पट्टा १४ टक्के रुंद आहे. शेकडो घटना एकत्र केल्यावरच ती डोके वर काढते आणि तोवर निष्कर्ष छापून झालेला असू शकतो.

अशी चूक शिरायला वाटा अनेक आहेत. प्रशिक्षणात वापरलेल्या कृत्रिम लहरी खऱ्या लहरींहून किंचित वेगळ्या असू शकतात. यंत्राचा गोंगाट काळानुसार बदलतो, त्यामुळे आधीच्या गोंगाटावर शिकलेले नेटवर्क नंतर फसू शकते. शिवाय जोरकस आणि समोरून दिसणाऱ्या घटनाच जास्त सापडतात. हा कल हिशेबात धरला नाही, तर जे दिसले तेच विश्व, असा गैरसमज होतो. हा हिशेब करायलाही लाखो कृत्रिम घटना तपासाव्या लागतात आणि तिथेही आता नेटवर्कची मदत घेतली जाते.

विश्वासार्हता तपासतात कशी?

पीएचडीच्या विद्यार्थ्याची बरीच वर्षे याच कामात जातात. सर्वांत मूलभूत परीक्षा साधी आहे. उत्तर लपवलेल्या एक हजार कृत्रिम लहरी नेटवर्कला द्यायच्या. ‘खरे मूल्य ९० टक्के शक्यतेने या पट्ट्यात आहे’ असे नेटवर्क म्हणत असेल, तर साधारण ९०० वेळा ते खरोखर त्या पट्ट्यात सापडले पाहिजे. ८०० वेळाच सापडले, तर नेटवर्क फाजील आत्मविश्वासाने बोलते आहे. ९७० वेळा सापडले, तर ते नको तितके सावध आहे आणि हाती आलेली माहिती वाया घालवते आहे.

दुसरी परीक्षा उलटतपासणीची. नेटवर्कने सुचवलेल्या प्रत्येक शक्यतेला मूळ भौतिकशास्त्राच्या समीकरणांत बसवून तिचे वजन पुन्हा ठरवायचे. ‘डिंगो’च्या संशोधकांनी २०२३ मध्ये ही पायरी जोडली. नेटवर्क चुकले असेल तर या तपासणीत ते उघडे पडते, कारण बहुतेक शक्यतांना नगण्य वजन मिळते. वेग नेटवर्कचा आणि अंतिम शब्द समीकरणांचा, अशी ही विभागणी आहे. तिसरी परीक्षा म्हणजे मुद्दाम बिघडवलेली नोंद देणे. २०१७ मधल्यासारखा झटका लहरीवर टाकायचा आणि उत्तर किती ढळते ते पाहायचे.

गोंगाटाचे झटके ओळखण्यात सामान्य लोकांचाही हात आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रॅव्हिटी स्पाय’ उपक्रमात जगभरातील हौशी स्वयंसेवक झटक्यांच्या आकृत्या पाहून त्यांचे प्रकार लावतात आणि संगणक त्यावरून शिकतो. मूळ गोंगाटच कमी करण्याचेही प्रयत्न आहेत. लायगोचे आरसे स्थिर ठेवणारी नियंत्रण यंत्रणा स्वतःच थोडा गोंगाट निर्माण करते. ‘गूगल डीपमाइंड’ आणि लायगोच्या शास्त्रज्ञांनी कृत्रिम बुद्धिमत्तेने हे नियंत्रण करून पाहिले. लिव्हिंग्स्टनमधील चाचणीत हा गोंगाट ३० ते १०० पटींनी कमी झाल्याचे त्यांनी सप्टेंबर २०२५ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केले.

हिंगोलीच्या लायगोचा यात काय संबंध?

लहर कोणत्या दिशेने आली, हे एका वेधशाळेला नीट सांगता येत नाही. निरनिराळ्या ठिकाणी ती पोहोचण्याच्या वेळेतील सूक्ष्म फरकावरून दिशा काढली जाते. वेधशाळा जितक्या दूरदूर, तितकी दिशा अचूक. सध्या अमेरिकेत दोन, इटलीत एक आणि जपानमध्ये एक अशा वेधशाळा आहेत. हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या ‘लायगो-इंडिया’ला एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. ती या जाळ्यात आली, की आकाशातील शोधाचा टापू लहान होईल. टापू लहान म्हणजे संभाव्य दीर्घिका कमी. त्यामुळे प्रकाश असलेल्या घटना दुर्बिणींना लवकर सापडतील आणि प्रकाश नसलेल्या घटनांतूनही अधिक नेमके उत्तर मिळेल. २०३० च्या आसपास ती सुरू व्हावी, असे उद्दिष्ट आहे.

तोवर थांबण्याची मात्र गरज नाही. लायगोचा डेटा ठरावीक काळानंतर सर्वांसाठी खुला केला जातो आणि विश्लेषणाच्या अनेक संगणक प्रणालीही मोफत उपलब्ध आहेत. नांदेड किंवा कोल्हापूरच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यालाही २०१५ ची ती पहिली लहर स्वतःच्या लॅपटॉपवर शोधून पाहता येते.

अंतिम उत्तर कधी मिळणार?

त्याची तारीख सांगणे शक्य नाही. २०१७ नंतर लहर आणि प्रकाश दोन्ही निश्चितपणे एकत्र सापडल्याची दुसरी घटना अजून नोंदली गेलेली नाही. मे २०२३ मध्ये सुरू झालेला निरीक्षणांचा चौथा टप्पा नोव्हेंबर २०२५ मध्ये संपला, त्यातही ती मिळाली नाही. निसर्ग अशी संधी कधी देईल, हे कोणाच्या हातात नाही. ती आली तेव्हा यंत्र सुरू असणे, उत्तर सेकंदात मिळणे आणि ते उत्तर तपासून खात्रीचे असणे, एवढेच हातात आहे. पहिल्या दोन गोष्टी बऱ्याच अंशी साधल्या आहेत. तिसरीसाठी काटा दोन टक्क्यांनी चुकत तर नाही ना, हे पाहत राहण्याचे किचकट काम पुढची काही वर्षे चालणार आहे. हबल स्थिरांक ६७ की ७३, याचा निकाल लहरींकडून मागायचा असेल, तर त्याआधी हे काम पूर्ण व्हावे लागेल.